दोन शीटा, एक गल्ली

आमच्या ऑफिसात नकाशे कमी आणि किस्से जास्त तयार व्हायचे. नकाशांना नंबर होता, कपाट होतं. किस्से असेच साचत गेले. जुने सोबती भेटले की एखादा निघतो आणि सगळे हसतात. मीही हसतो, शेवटचा सोडून.

भंडाऱ्यातलं ते पाणी आणि गटार योजनांचे नकाशे काढणारं ऑफिस. एका हॉलमध्ये दोन टेबलं. माझ्या टेबलावर पिण्याच्या पाण्याच्या लाइनी, भुरेभाऊंच्या टेबलावर गटारांच्या. दोघांच्या शीटा वेगळ्या, स्केलही वेगळं, त्यामुळे एकाने दुसऱ्याच्या कामात डोकावायचा प्रश्नच नव्हता. भुरेभाऊ म्हणायचे, "कागद दोन हायेत भाऊ, पन खाली जमीन तं एकच हाय ना!"

*

लाखनीकडच्या एका गावाचा सर्व्हे मे महिन्यात झाला. पंपघरासाठी छान सपाट, मोकळी जागा सापडली. मी शाईने चौकोन काढला, साहेबांनी सही केली.

दिवाळीच्या सुमारास काम सुरू करायला गेलो, तर त्या जागी कमरेएवढं पाणी! पाण्यात जाळं घेऊन एक म्हातारा उभा. ती गावाची बोडी होती, उन्हाळ्यात आटणारा छोटा तलाव. साहेब काठावर उभे राहून नकाशा फिरवून फिरवून पाहत होते.

म्हाताऱ्याने जाळं न सोडता विचारलं, "मे मयन्यात काढला काय जी नकाशा?"

*

एका उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार होते. टाकीचं काम अर्धवट होतं, म्हणून भुरेभाऊंनी थर्माकोलचं मॉडेल केलं. हौशी माणूस! मागे डबा लपवून त्यांनी मॉडेलच्या इवल्याशा नळातून खरं पाणी काढलं.

पाहुणे खूश झाले. तेवढ्यात गावातली एक बाई घागर घेऊन पुढे आली. "हे लहानंच आमच्या गावाले देऊन टाका जी. याच्यातून तरी पानी येऊन राह्यलं!"

दुसऱ्या दिवशी भुरेभाऊंना मेमो मिळाला. मॉडेलमध्ये खरं पाणी का सोडलं, याचा खुलासा करावा!

*

काम संपलं की लाइन प्रत्यक्षात कुठून गेली, याचा नकाशा काढायचा नियम होता. खडक लागला की कंत्राटदार डावीकडची लाइन उजवीकडे न्यायचा, कुणाचं कुंपण आडवं आलं तर आणखी तिसरीकडे. आम्ही मात्र जागेवर न जाता जुन्या शीटवर नवा कागद ठेवून तोच नकाशा पुन्हा उतरवायचो.

एकदा मी साहेबांना हे बोलून दाखवलं. ते हसले. "अहो निखाडे, नकाशाप्रमाणे कधी लाइन पडते का?"

*

मग आमच्याच सरकारी क्वार्टर्समध्ये नव्या लाइनी टाकायचं ठरलं. पाण्याची शीट मी केली. भुरेभाऊंना काय सुचलं कोण जाणे! त्यांनी आठ दिवस राबून आपली गटाराची शीट माझ्या स्केलवर उतरवली. खिडकीची एक जुनी काच दोन स्टुलांवर ठेवली, खाली बल्ब लावला आणि दोन्ही शीटा एकावर एक पसरल्या.

"निखाडेभाऊ, इकडं या. तुमच्या दारापुढं पानी गटारातून जाऊन राह्यलं!"

खरंच. क्वार्टर नंबर चारसमोर माझी पाण्याची लाइन त्यांच्या गटाराच्या चेंबरमधून आरपार जात होती. भुरेभाऊंनी माझ्या शीटवर तिथे लाल शाईने वर्तुळ काढलं.

साहेबांनी ते पाहिलं. "कंत्राटदार जागेवर पाहून घेतो. शीट साफ करा, मंजुरीला जायचीय."

मी अर्धं ब्लेड घेतलं आणि वर्तुळ खरवडून काढलं. या कामात माझा हात बसलेला होता. खुणेचा मागमूस राहिला नाही. साहेब म्हणाले, "शाब्बास!" बल्ब सरकारी होता, तो स्टोअरला जमा झाला.

*

मधली वर्षं गेली. ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा नागपूरहून एक तरुण इंजिनिअर आम्हाला कॉम्प्युटरची माहिती द्यायला आले. म्हणाले, "आता पाइप, गटार, भिंत, सगळं एकाच नकाशात एकावर एक ठेवता येईल. कुठे काय आडवं येतं ते आधीच दिसेल."

भुरेभाऊ मागच्या बाकावरून उठले. "मंग साहेब, माहा बल्ब वापस करा!"

सगळा हॉल हसला. भुरेभाऊ मात्र माझ्याकडे पाहून खाली बसले.

*

राहिला तो किस्सा क्वार्टर्सचाच, कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीचा.

नवी लाइन सुरू झाली त्याच पावसाळ्यात माझी बायको शकुंतला म्हणाली, "अहो, पाण्याला वास येऊन राह्यला."

मी म्हणालो, "नवी लाइन आहे. येतो थोडे दिवस."

कावीळ झाली. दवाखान्यात तिला रिक्षाने नेलं. परत आलो तो एकटाच.

त्यानंतर आमच्या दारापुढे खोदलं. चेंबरमधून पाइप आरपार गेलेला, आणि त्याचा सांधा चेंबरच्या आतच. आमच्या ऑफिसच्या साऱ्या लाइनींत तेवढी एकच लाइन नकाशाप्रमाणे पडली होती. इंचभरही इकडे तिकडे नाही!

चौकशीला बाहेरचे एक साहेब आले. माझी शीट टेबलावर पसरून त्यांनी वरून खालपर्यंत पाहिली. "यात काही आक्षेप, काही खूण दिसत नाही. काम मात्र फार स्वच्छ आहे. कोणाचं?"

"माझं," मी म्हणालो.

भुरेभाऊ उठले. पुढे येऊन त्यांनी शीट उचलली आणि दोन्ही हातांनी खिडकीच्या काचेवर धरली. बाहेर लख्ख ऊन होतं. ब्लेडने जिथे कागद पातळ झाला होता तिथे, चेंबरच्या भोवती, एक पांढरं वर्तुळ उजळून दिसलं.

साहेब चष्मा सावरत जवळ गेले. "हे काय आहे?"

मी म्हणालो, "क्वार्टर नंबर चार. आमचं."