साड्यांकडे न बघणारी रुपाली

साडीच्या दुकानासमोर बसलेली बाई साडीकडे बघत नाही, असं मंगलाबाईंनी चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. घेणारी बघते, न घेणारीही बघते. घाईत असलेली चालता चालता मान वळवून घेते. ही मात्र समोरच्या रसवंतीच्या बाकावर बसली होती, पायाशी रिकामं पोतं घडी करून ठेवलेलं, आणि बघत होती ती दुकानात शिरणाऱ्या पोरींकडे.

दिवस एप्रिलचे, लग्नसराईचे होते. घोडेगावच्या पेठेत मंगलाबाईंचं कापडाचं दुकान. आजेसासरे राजस्थानातून आले त्याला शंभरेक वर्षं झाली. मंगलाबाईंना आता राग आला तरी तो मराठीतच येई. पती पोपटलाल गेल्यापासून गादीवर त्याच बसत. आलेली बाई आधी पदर उलगडते की किमतीची चिठ्ठी शोधते, यावरून त्या तिचं घर ओळखत आणि सहसा चुकत नसत.

दुकानाच्या ओट्यावर हौशीराम शिंपी मशीन टाकून बसायचा. ब्लाउज शिवायचा आणि पेठेची खबरही ठेवायचा. त्याने सांगितलं, ही रुपाली, आहुप्याच्या बाजूची. रानातला हिरडा गोळा करून दर बाजाराला विकायला आणते. माल विकून झाला की दुपारच्या गाडीने जाता येतं, पण ही शेवटच्या गाडीपर्यंत बसून असते. वय बत्तीस-तेहतीस. नवरा नाही, भाऊ घरात घेत नाही, मावशीकडे राहते. मग त्याने आवाज उतरवला.

"पुन्याला व्हती म्हणत्यात काही दिवस. आमी काय बघाया गेलो न्हाई."

मंगलाबाईंना एवढं पुरे झालं.

दुकानात कामाला श्रेया होती. एकोणीस वर्षांची, जवळच्याच गावातल्या शेतकऱ्याची मुलगी, बोलायला चटपटीत. घर जैन, त्यामुळे मंगलाबाई सूर्यास्ताच्या आत जेवत. साडेपाचला त्या वरच्या मजल्यावर जात आणि अर्धा तास दुकान श्रेयाच्या हाती असे. ही वेळ साऱ्या पेठेला पाठ होती. एका बाजाराच्या दिवशी त्या जेवण लवकर आटोपून खाली आल्या, तर रुपाली श्रेयाच्या अगदी जवळ उभी राहून हळू आवाजात काही बोलत होती. मंगलाबाई दिसताच ती पायऱ्या उतरून गेली. काय म्हणत होती, असं विचारलं तर श्रेया म्हणाली, काही नाही, रंग विचारत होती. साडीकडे ढुंकून न बघणारी बाई रंग विचारते, हे मंगलाबाईंच्या गळी उतरलं नाही.

पुढच्या बाजाराला त्या वर गेल्या, पण जेवायला बसल्या नाहीत. ताट झाकून ठेवलं आणि जिन्याच्या अंधाऱ्या वळणावर बसून राहिल्या. चोरून ऐकण्याची लाज वाटत होती, तरी उठल्या नाहीत. थोड्या वेळाने रुपालीचा आवाज आला.

"आधार कार्ड दिलंस का? निघायचं कधी ठरलं? तुझा नंबर दे मला. निघायच्या दिवशी मी स्टँडवर येते. आन् माझं नाव कुठं काढू नको."

पोरी फितवणाऱ्या बायांबद्दल त्यांनी ऐकलं होतं. आता त्यांच्याच दुकानात त्यांच्याच हाताखालच्या मुलीला एक बाई फितवत होती. श्रेयाला विचारून ती खरं सांगणार नाही, हे उघड होतं. भरवशाच्या माणसाला सांगायला हवं होतं, आणि तसा एक माणूस त्यांच्या ओळखीत होता.

तो गोरख. लग्नकार्यात पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडायला, वाढायला मुली लागतात. त्या पुरवण्याचं काम तो करी. दर लग्नसराईच्या तोंडावर दहा मुली घेऊन येई. दहा एकसारख्या साड्या, दहा ब्लाउजची मापं. घासाघीस नाही, माल परत करणं नाही. 'काकू' म्हणून वाकून नमस्कार करी आणि संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडम' असा क्षमा मागणारा निरोप सगळ्यांच्या आधी त्याचाच येई. यंदा श्रेयाही दोन महिने त्याच्याबरोबर पुण्याला जाणार होती. तिच्या वडिलांनी काचकूच केली, तेव्हा मंगलाबाईंनीच त्यांना सांगितलं होतं की माणूस आमच्या दुकानाचा जुना आहे, काळजी नको.

त्यांनी त्याला सगळं सांगितलं. रुपालीचं नाव, बाकावरची जागा, तिची येण्याची वेळ. गोरखने शांतपणे ऐकून घेतलं.

"असल्या बाया पोरींच्या वाटंवर बसलेल्याच असत्यात, काकू. बरं केलं सांगितलं. मी बघतो."

त्या दिवशी मंगलाबाई बऱ्याच दिवसांनी निर्धास्त जेवल्या.

पुढच्या बाजाराला दुपारी हौशीराम चहा पिऊन आला तो बातमी घेऊनच. स्टँडवर मोटरसायकलवरून आलेल्या दोघांनी रुपालीचं हिरड्याचं पोतं भर रस्त्यात पालथं केलं. मागून एसटी आली ती त्यावरूनच गेली. जाताना एकजण तिला म्हणाला की कापडाच्या दुकानासमोर पुन्हा दिसलीस तर याद राख.

"कापडाच्या दुकानासमोर?" मंगलाबाईंनी विचारलं.

"तसंच म्हणाला. पेठेत तुमचंच हाय की दुकान, तिच्या बाकासमोर."

रुपाली कुठे बसते हे मंगलाबाईंनी एकाच माणसाला सांगितलं होतं. मनात एक काटा रुतला. तरी त्यांनी स्वतःची समजूत काढली: गोरखने नुसता दम द्यायला सांगितलं असेल, पोरं जास्त करून बसली असतील. अकरा-बारा वर्षांचं गिऱ्हाईक एका पोत्यावरून खोटं ठरवायचं का?

चार वाजता एका लग्नाचा बस्ता बांधायला मंडळी आली. दहा-बारा माणसं गादीवर ऐसपैस बसली, शालू उलगडले गेले, नवऱ्या मुलीच्या आजीने प्रत्येकाला नाव ठेवायला सुरुवात केली. गोरखही त्याच वेळी साड्या न्यायला आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुली निघणार होत्या. श्रेया आपलं ब्लाउज हातात घेऊन हौशीरामला बाही घट्ट करायला सांगत होती.

रुपालीने चपला पायरीवर काढल्या आणि ती आत आली. साडीला गुडघ्यापर्यंत धूळ होती. मंगलाबाईंनी तिला बाहेर थांबायला सांगितलं. गिऱ्हाईक आहे, मग बोलू म्हणाल्या.

"बाहेर लई दिवस बसले, काकू. आज आतच बोलते."

ती गोरखकडे न बघता बस्त्याच्या मंडळींसमोर उभी राहिली. एकेक शब्द सुटा करून ती बोलू लागली. म्हणाली, या दुकानात मी आधी एकदा आले आहे. अकरा वर्षं झाली. एकवीस वर्षांची होते. मला आणि आणखी नऊजणींना याच गोरखने आणलं होतं. मोरपंखी साड्या घेतल्या, याच ओट्यावर माप दिलं. पुण्यात दोन लग्नांत गुलाबपाणी शिंपडलं. तिसऱ्या दिवशी हायवेजवळच्या एका लॉजवर नेलं, कार्ड आणि मोबाईल काढून घेतला.

"आठ महिने तिथं व्हते. काय झालं ते समद्यांना कळतंय, मी इस्कटून सांगनार न्हाई. पोलिसांनी सोडवलं तवा याचं नाव घेतलं न्हाई, कारन धाकट्या बहिनीचा फोटो याच्याजवळ व्हता. बहीन आता तिच्या घरी सुखात हाय. आता ही पोरगी उद्या चाललीय, म्हनून आज बोलते."

आजीने नातीचा हात धरून तिला जवळ ओढलं. कुणीतरी पुटपुटलं, हिचं खरं कशावरून? गोरख चिडला नाही. उलट थोडा हसला.

"काकू, ही पोरी फितवते, असं तुमीच म्हणाला व्हता ना मला?"

सगळ्यांच्या नजरा मंगलाबाईंकडे वळल्या. त्या तसं म्हणाल्या होत्या. आणि अजूनही त्यांचा संशय पुरता फिटला नव्हता. भरल्या दुकानात स्वतःबद्दल असं सांगणारी बाई. हिला मिळवायचं तरी काय आहे? पण ज्या माणसावर त्या विश्वास टाकून होत्या, त्याने त्यांचंच वाक्य ढालीसारखं पुढे धरलं होतं, हेही त्यांना रुचलं नाही. मग त्यांनी दुकानदाराला येतं तसं माणूस पारखायचं ठरवलं. चांगल्या दुकानात गिऱ्हाईक परत येतं. चांगल्या कामावर मुलगीही दुसऱ्या वर्षी परत यायला हवी.

"हौशीराम, मागच्या लग्नसराईला यांनी आणलेल्या दहाजणींपैकी यंदा किती जणींचं माप घेतलंस?"

हौशीरामने कात्री खाली ठेवली. "समद्या नवीन हायत."

"आणि त्याच्या आदल्या वर्षीच्या?"

"एकबी कधी परत आली न्हाई, बाई. मला वाटायचं, लग्नं झाली असतील."

"दहाच्या दहाजणींची?" आजीने विचारलं. "दरसाल?"

मंगलाबाईंनी मोबाईल हातात घेतला आणि गोरखला म्हणाल्या, मागच्या वर्षीच्या कुठल्याही एका मुलीचा नंबर सांगा, मी इथूनच बोलते. नंबर दुसऱ्या फोनमध्ये आहेत, तो म्हणाला. तो फोन घरी आहे. लगेच घेऊन येतो. दहा साड्या तशाच ठेवून तो निघाला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नमस्कार न करता गेला.

श्रेयाने रडत रडत ब्लाउज फेकलं. तिला कुणी वाचवलं असं वाटलंच नाही. हातातलं काम गेलं एवढंच तिला दिसत होतं. ती रुपालीवर धावून गेली.

"तुझं वाटोळं झालं म्हणून माझंही होणार का?"

"नसंल बी होनार," रुपाली म्हणाली. "पन कार्ड आधी आपल्या हातात घे. मग जा कुठं बी."

कार्ड गोरखकडे होतं. तो काही परत आला नाही.

त्या संध्याकाळी मंगलाबाईंना उपास पडला. सूर्य मावळला तेव्हा त्या रुपालीशेजारी पोलीस ठाण्याच्या बाकावर बसल्या होत्या. तिला तेच ते तीनदा विचारलं गेलं: इतकी वर्षं गप्प का होतीस, तुझं त्याच्याशी भांडण आहे का, तू स्वतः पोरी नेत होतीस का? प्रत्येक प्रश्न मंगलाबाईंनी मनातल्या मनात आधीच विचारलेला होता. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तो किती उर्मट वाटतो हे त्यांना कळलं आणि त्या मान खाली घालून बसल्या. पुरावा काय, असं विचारल्यावर बरोबर आलेला हौशीराम घरी गेला आणि पोटमाळ्यावरून मापाच्या जुन्या वह्या घेऊन आला. एका वहीच्या कसर लागलेल्या पानावर दहा नावं होती. सहावं नाव रुपालीचं. पुढे बाहीचं माप, 'मोरपंखी' असा शेरा, आणि पानाच्या डोक्यावर गोरखचा नंबर.

यंदाच्या बाकी नऊजणींचं निघणंही थांबलं. त्या वह्यांमधल्या नावांवरून शोध सुरू झाला. काही मुलींची घरं सापडली. दोघींनी 'आम्हाला काही सांगायचं नाही' म्हणून फोन ठेवला. एक मुलगी सापडून घरी आली. काहींचा पत्ता अजून लागलेला नाही. गोरखला अटक झाली, काही महिन्यांनी तो जामिनावर सुटला आणि खटला चालू आहे. पेठेत त्याला रामराम करणारी माणसं आजही आहेत. श्रेया महिनाभर मंगलाबाईंशी बोलली नाही. मग तिने दुकान सोडलं आणि मंचरला नर्सिंगच्या कोर्सला नाव घातलं.

रुपाली त्यानंतर गप्प बसली नाही. लग्नसराईच्या आधी ती गावोगाव जाऊन मुलींशी बोलते. स्वतःचं नाव सांगते, झाकून ठेवत नाही. कार्ड कुणाला द्यायचं नाही, काम देणाऱ्याकडे आधी गेलेल्या मुलीशी बोलल्याशिवाय निघायचं नाही, असं साधंच सांगते. लोक संशयाने बघतात. हिला कुठल्यातरी संस्थेकडून काही मिळत असेल, म्हणतात. जुन्नरजवळच्या एका गावात ती उभी राहिल्यावर चार आया आपल्या मुलींना घेऊन उठल्या. रुपाली त्या सगळ्याजणी दाराबाहेर जाईपर्यंत थांबली आणि उरलेल्या सातजणींशी बोलली. मंगलाबाई कधी कधी बरोबर जातात. त्या दिवशी गेल्या होत्या. त्यांना बोलायला सांगितलं, तेव्हा त्यांनी आपली चूक सांगितली: हिच्यावर मी संशय घेतला, आणि सांगायला गेले ते नेमकं त्याच माणसाकडे.

दोघी मैत्रिणी झाल्या, असं मात्र म्हणता येणार नाही. रुपाली दुकानात येते, हौशीरामची ख्यालीखुशाली विचारते, पण मंगलाबाईंनी मागवलेला चहा तिने अजून घेतलेला नाही. मंगलाबाईंनी कारण विचारलेलं नाही. आता कुणी एकसारख्या दहा साड्या मागितल्या की त्या इतके प्रश्न विचारतात, की दोन-तीन चांगली गिऱ्हाइकं तुटली.

रुपालीने मावशीचं घर सोडलं. घोडेगावातच एका मुलींच्या वसतिगृहात ती स्वयंपाकाला आहे. चौसष्ट मुलींच्या भाकऱ्या तिच्याकडे असतात, आणि गावोगाव जायला तिला रविवारची सुट्टी असते.