अधिकाराचा विषय

आमच्या कॉलेजातून तत्त्वज्ञान हा विषय गेला तेव्हा त्याला निरोपही कुणी दिला नाही. जूनमध्ये वेळापत्रक लागलं आणि माझ्या नावापुढे ‘संभाषण कौशल्य’ लिहिलेलं दिसलं. मी प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, “मॅडम, प्रवेशच होत नाहीत. दोन मुलांसाठी वर्ग कसा चालवायचा? आणि खरं सांगा, आजकाल या विषयाचं करायचं काय?” बावीस वर्षं मी तो विषय शिकवला होता. त्या सोमवारपासून मी मुलांना मुलाखतीत हात कसा मिळवावा ते शिकवू लागले.

पगार तोच होता. घरचे म्हणाले, गप्प राहा, निवृत्तीला किती वर्षं उरलीत. पण गप्प राहायचं वळण मला लागलेलंच नव्हतं. माझे वडील मराठवाड्यातून येऊन सिकंदराबादला रेल्वेत खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, म्हणून लागले होते. आमच्या बौद्ध घरात देव्हारा नव्हता, पण एक नियम होता. कुणी कितीही मोठा माणूस काहीही सांगू दे, आधी ‘कशावरून?’ विचारायचं. या एका शब्दापायी मी शाळेत छड्याही खाल्ल्या आणि पुढे एम.ए.ला पहिलीही आले.

हैदराबादच्या अंबरपेठेत एका मराठी मंडळाचं वाचनालय आहे. खाली पुस्तकं, वर हॉल. मंडळ चालवणारी घराणी इथली जुनी, पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकरीत, शिक्षकी पेशात आणि वकिलीत मुरलेली. तिथले सेक्रेटरी सत्तरीतले, निवृत्त वकील, बोलायला मऊ. मी रविवारी सकाळी दोन तास हॉल मागितला. त्यांनी चहा मागवला आणि विचारलं, “विषय काय म्हणालात?”

“तत्त्वज्ञानाची ओळख. ज्यांनी कधी काही वाचलेलं नाही त्यांच्यासाठी.”

त्यांनी माझं आडनाव पुन्हा विचारून घेतलं. मग गाव विचारलं. मग कपातला चहा हळूहळू संपवला.

“बाई, राग मानू नका,” ते म्हणाले. “हा अधिकाराचा विषय आहे. त्याला तयारी लागते, संस्कार लागतात. तुम्ही घटनेवर बोला, कायद्यावर बोला. आम्ही समोर बसून ऐकू.”

“अधिकार कोण ठरवतं?”

“परंपरा ठरवते.”

“आणि परंपरेला तो अधिकार कुणी दिला?”

ते हसले. वाद नको म्हणून की कुणी येणारच नाही अशी खात्री होती म्हणून, कोण जाणे, पण त्यांनी दोन महिन्यांसाठी हॉल दिला. एवढी वर्षं शिकवूनही ‘अधिकार’ हा एक शब्द माझ्या वर्मी लागला होता. घरी गेले आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘मोठे प्रश्न. कुणीही या. वाचता येत नसलं तरी चालेल.’

पहिल्या रविवारी चौघं आली. त्यातल्या एक योगासनांचा वर्ग समजून आल्या होत्या. त्यांनी चटई गुंडाळली आणि गेल्या. उरली तिघं. एक रेल्वेच्या कॅरेज शेडमधून निवृत्त झालेले फिटर. एक हायटेक सिटीत नोकरी करणारी मुलगी, जिला आईनं मराठी सुधारावं म्हणून पाठवलं होतं. आणि एक पन्नाशीची बाई, बेगम बाजारात मसाल्याच्या ठोक दुकानात मिरच्यांचे देठ खुडणारी. ती दाराशीच उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, मी चौथीपर्यंतच शिकलेय. बसू का?”

मी टाचणं काढली होती. ती पिशवीतच ठेवली आणि तिला विचारलं, “ताई, तुम्ही रोज मिरची हाताळता. तिखटपणा मिरचीत असतो की जिभेत?”

“मिरचीतच की.”

“चाखायला कुणी जीभच नसेल तर?”

तिनं आपली बोटं पाहिली. मग म्हणाली, “माझ्या बोटांची आग होते, बाई. जीभ लागत नाही त्याला. पण मेलेल्या माणसाच्या बोटांची होणार नाही.” तिथून दीड तास कसा गेला कळलं नाही. फिटरकाका म्हणत होते, आग ही मिरची आणि माणूस दोघांच्या मध्ये होते. मुलगी म्हणाली, “मॅडम, हौ, पण मग रंग पण असंच का? लाल पण माझ्या डोळ्यांतच?” कॉलेजात या मुद्द्यापर्यंत पोचायला मला तीन आठवडे लागायचे.

पुढच्या खेपेला फिटरकाकांनीच प्रश्न आणला. एका डब्याची चाकं बदलली, मग बाकं, मग पत्रा, सगळं त्यांच्या हातून, तीस वर्षांत. नंबर तोच राहिला. “डबा तोच का हो?” ते म्हणाले. “निवृत्तीच्या दिवशी मी त्याला हात लावून आलो. कशाला हात लावला, ते अजून कळत नाही.”

माणसं वाढू लागली. सहाव्या रविवारी चौदा जण होते, आणि मागच्या खुर्चीवर सेक्रेटरीसाहेब येऊन बसले. त्या दिवशीचा प्रश्न होता, खोटं बोलणं कधी बरोबर असतं का.

मिरचीवाल्या ताई बोलू लागल्या. त्यांच्या सासूचा थोरला मुलगा, त्यांचा दीर, दुबईला कामाला होता. तिथेच तो अपघातात गेला. सासू अंथरुणाला खिळलेली, तिला कुणी सांगितलं नाही. ती रोज विचारायची आणि या रोज सांगायच्या, आत्ताच फोन येऊन गेला, तुम्ही झोपला होता. आठ महिने. त्याचा निरोपही सांगायच्या: गोळ्या घ्या, दूध प्या. “म्हातारी समाधानानं गेली,” त्या म्हणाल्या. “पण आता मला वाटतं, पोटच्या पोरासाठी रडायचा तिचा हक्क मी काढून घेतला का? माझं बरोबर होतं का?”

फिटरकाका म्हणाले, “तुम्ही पुण्य केलंत.” मुलगी म्हणाली, “माझ्याशी कोणी असं केलं ना, तर मी माफ नाही करणार.” ताईंनी दोघांचंही नीट ऐकून घेतलं. तेवढ्यात मागून सेक्रेटरीसाहेबांचा आवाज आला. “असत्य ते असत्य. शास्त्र याबाबत स्पष्ट आहे. पण बायकांनी मायेपोटी केलेल्या गोष्टीला क्षमा असते. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

ताई मागे वळल्या. “साहेब, मी क्षमा नाही मागितली. मी विचारलं, बरोबर होतं का. ते चूकच होतं, हे तुम्हाला कशावरून कळलं?”

‘कशावरून’ हा शब्द मी ताईंना शिकवला नव्हता. तो आपल्या भाषेतच आहे. सेक्रेटरीसाहेब उठले आणि चपला घालून गेले.

गुरुवारी पत्र आलं. वाचनालयाच्या वातावरणाला न शोभणारी चर्चा होत असल्यामुळे हॉल यापुढे देता येणार नाही. ते वाचून मी आधी रडले, मग चिडले. उत्तर लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी एकच ओळ पाठवली: ‘चर्चा कुठे शोभते ते कृपया कळवावं.’ उत्तर आलं नाही. दोन दिवस वाटत होतं, सोडून द्यावं. प्राचार्य म्हणाले तेच खरं, याचं करायचं काय?

शनिवारी ताईंचा फोन आला. त्यांनी शेठकडे गोदामाची किल्ली मागितली होती. रविवारी दुकान बंद असतं. शेठनं विचारलं, “वहाँ करते क्या तुम लोग?” त्या म्हणाल्या, “सवाल पूछते.” “बस, सवाल? सामान को हाथ तो नहीं लगाते?” असं म्हणून त्यानं किल्ली दिली.

दुसऱ्या दिवशी बेगम बाजारातल्या त्या गोदामात आम्ही नऊ जण मिरच्यांच्या पोत्यांवर बसलो. शिंकांमुळे पहिला अर्धा तास कुणाला वाक्यच पुरं करता आलं नाही. मुलीनं मास्क आणला होता, तरी तिचे डोळे वाहत होते. मी शिंकत शिंकतच विचारलं, आपल्याला इथून उठून जायचं स्वातंत्र्य आहे का, की आपण इथे येणार हे आधीच ठरलेलं होतं? फिटरकाका नाक पुसत म्हणाले, “स्वातंत्र्य नसतं तर या खोकल्यात कोण बसलं असतं?” त्या दिवशी मला कळलं की हा वर्ग आता माझा एकटीचा नाही आणि तो बंद करणं माझ्याही हातात नाही.

तीनेक महिन्यांनी सेक्रेटरीसाहेबांचा निरोप आला. समिती हॉल द्यायला तयार आहे, फक्त प्रत्येक रविवारचा विषय आधी लिहून दाखवावा. मी तो निरोप गोदामात सगळ्यांपुढे ठेवला. मत घेऊ म्हटलं. मुलगी म्हणाली, “मॅडम, जास्त लोकांनी हात वर केला म्हणजे ते बरोबर होतं का?” फिटरकाका म्हणाले, “आधी हात मोजू. मग त्यावर बोलू.” एक गृहस्थ सोडून सगळ्यांनी नको म्हटलं. त्या गृहस्थांचे गुडघे दुखायचे आणि हॉलमध्ये खुर्च्या होत्या. पुढच्या रविवारी ते गोदामातच आले, घडीची खुर्ची बगलेत घेऊन.

नकार द्यायला मी स्वतः गेले. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, “तुम्ही फार हट्टी आहात.”

“हो,” मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग विचारलं, “त्या बाईंच्या प्रश्नाचं शेवटी काय ठरलं?”

“काही ठरलं नाही.”

“मग उपयोग काय झाला?”

“वकीलसाहेब, तीन महिने झाले. तुम्ही अजून विचारताय.”

या खेपेला चहा आला नाही. नंतर ते कधी गोदामात आले नाहीत आणि त्यांनी यावं म्हणून मी कधी वाट पाहिली नाही. माझा अधिकार त्यांच्याकडून मान्य करून घ्यायची हौस मला उरली नव्हती.

कॉलेजात मी अजून संभाषण कौशल्यच शिकवते. मागच्या महिन्यात मला ताप आला. वर्ग रद्द करा, असा मी ताईंना निरोप दिला. त्यांनी तो कुणाला सांगितलाच नाही. गोदाम उघडलं आणि स्वतः प्रश्न घातला: मेलेल्या माणसाला दिलेला शब्द पाळावाच लागतो का? दुपारी त्यांचा फोन आला, मागे अजून कुणाचं तरी भांडण ऐकू येत होतं.

“बाई, तुम्ही नव्हता,” त्या म्हणाल्या, “तरी छान झालं. मी एकाला गप्प बसवलं आणि दोघांनी मला.”