टिकारामचं बाळंतपण

कोंढ्याच्या टिकारामला एकच व्यसन होतं, आणि ते दारूचं नव्हे, खर्ऱ्याचं नव्हे. आजारी माणूस पाहायला जायचं. कुणाला ताप आला की डॉक्टरच्या आधी टिकाराम. कुणाचं भंडाऱ्याला अपेंडिक्स काढलं, तर पेशंट शुद्धीवर यायच्या आत हा अर्धा डझन केळी घेऊन उशाशी हजर. नाडी कळत असल्यासारखं मनगट धरायचा, याच दुखण्यानं गावातलं कोण कोण गेलं ते सांगायचा आणि बोलता बोलता आणलेल्या केळ्यांतली चार स्वतःच सोलून खायचा. वर म्हणायचा, "पेशंटले केळानं कफ होते." लोक चिडायचे. पण तो आला नाही तर जास्त चिडायचे. टिकाराम फिरकला नाही म्हणजे आपल्या दुखण्यात काही दम नाही, असाच अर्थ निघायचा.

तर असा हा माणूस एक दिवस स्वतःच आजारी पडला.

आधी उजवा पाय बधिर झाला. धानाच्या धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, चालता चालता दोनदा चिखलात बसला. गावानं निदान तिथल्या तिथं करून टाकलं: टिकाराम प्यायला लागला. बायको कुंताबाई रोज संध्याकाळी त्याचं तोंड हुंगायची आणि वास येत नाही म्हणून अधिकच काळजीत पडायची, कारण बिनवासाची म्हणजे भारीतलीच असणार. पुढे एक डोळा अंधुक झाला, तेव्हा कुठे नागपूर गाठलं. डोक्याचे, पाठीचे फोटो निघाले आणि नाव कळलं: मल्टिपल स्क्लेरोसिस. डॉक्टर म्हणाले, रोगाशी लढायला शरीरात जी फौज असते, तीच तुमच्या नसांची आवरणं कुरतडते आहे.

"म्हंजे कुंपणच शेत खाऊन राहिलं," टिकाराम म्हणाला.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, अगदी बरोबर.

गोळ्या झाल्या, सुया झाल्या, कुंपण चरतच राहिलं. शेवटी डॉक्टरांनी मोठा उपाय काढला. टिकारामच्याच रक्तातल्या मूळ पेशी काढून जपून ठेवायच्या, जहाल औषधानं जुनं कुंपण पार झोपवायचं, आणि मग त्याच पेशी परत देऊन नवं कुंपण उगवू द्यायचं. त्याच्या बालमित्राला, केवळरामला, हे काही केल्या पटेना.

"त्याचंच काढलं न् त्यालेच देल्लं? हे तं तुमसरच्या राइस मिलसारखं झालं बे. धान आपलं, तांदूळ आपला, मधात नुसता भुसा उडाला!"

उडाला तो भुसा म्हणजे टिकारामचे केस. दवाखान्यातून निघाला तेव्हा डोकं घासलेल्या गंज-पातेल्यासारखं चकचकीत झालं होतं.

निघताना डॉक्टरांनी बजावलं. नवं कुंपण अजून कोवळं आहे. साधी कुणाची सर्दी लागली तरी जिवावर बेतेल. गर्दी नको, कच्चं खाणं नको, माती-शेण नको, आणि पुढची तपासणी होईपर्यंत नागपूरच्या टप्प्यात राहा. "नुकत्या जन्मलेल्या बाळासारखं सांभाळायचं यांना."

कोंढ्याच्या घरी भिंतीला लागून गोठा, आणि चुरणी म्हणजे मळणी चालू असल्यानं अंगणभर धानाची धूळ. तिथं नेणं शक्यच नव्हतं. म्हणून टिकारामची रवानगी वरठीला, सासुरवाडीत झाली. मोठा जावई सासूच्या घरी खाट धरून पडला, ही गोष्ट कोंढ्यात त्याच्या आजारापेक्षा जास्त दिवस चघळली गेली. आता खोटं कशाला बोला, खुद्द टिकारामलाही पायापेक्षा ती जास्त टोचत होती.

सासू यशोदाबाई. चार लेकींची बाळंतपणं याच घरात काढलेली बाई. डॉक्टरांच्या सगळ्या बोलण्यातलं तिनं एकच वाक्य पदराला बांधून आणलं, ते बाळाचं. लेकींची मागची खोली धुऊन पुसून काढली, तिथं जावयाची खाट टाकली, कानाला फडकं बांधलं, मऊ भात सुरू केला. शेगडीचा धूर तेवढा डॉक्टरांनी नको म्हटला, म्हणून दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला. उंबऱ्याबाहेर बादली आणि साबण. स्वतःच्या लेकीलासुद्धा हातपाय धुतल्याशिवाय आत सोडायची नाही.

"मामी, मी मानूस हाव, बाळंतीण नाई," टिकाराम कुरकुरला.

"तुमाले काय समजते जवाईबुवा? पडून राहा. कान झाका."

ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांच्या खाटा गाठल्या, त्याच्या खाटेपाशी आता कुणी नाही. गावात टिकारामच्या भेटी सगळ्यांवर चढलेल्या, आणि फेडायला लोक उतावीळ. धान घरात आलेलं, हात रिकामे. रोज फोन यायचे, कुंताबाई रोज नाही म्हणायची. शेवटी टिकारामला राहवलं नाही. पांघरुणात तोंड घालून त्यानं केवळरामला फोन लावला.

"एकटाच ये बे. म्हातारी जेवल्यावर झोपते. मांगच्या दारानं घेतो तुले."

आता केवळरामला एकटं यायला सांगणं म्हणजे हलगीवाल्याला गुपित सांगणं. दुसऱ्या दिवशी दुपारी दारात काळीपिवळी जीप थांबली आणि तिच्यातून अकरा माणसं उतरली. सगळ्यांत पुढे केवळराम, एका हातात केळ्यांचा घड, दुसऱ्या हातानं नाक पुसत. आणि यशोदाबाई? ती नेमकी त्या दिवशी झोपली नव्हती. दारात तांदूळ निवडत बसली होती.

टिकाराम खिडकीच्या बंद काचेआडून पाहत होता. आनंदानं त्यानं डोकी दोनदा मोजली.

"टिकारामले पाह्यले आलो जी, मावशी," केवळराम म्हणाला.

"डॉक्टरनं मनाई केली."

"डॉक्टर लोक काय, म्हनतेच."

"तं काय!" मागून सुमनबाई पुढे सरसावली. ही कोंढ्याची बातमीदार. "येवढ्या दुरून आलो, आमी काय परके हाओ? दोन मिंटं पाहू न् जाऊ."

अकरा जण पायरीपाशी आले. केवळरामनं चप्पल काढली, एक पाय उचलला. यशोदाबाईनं सूप बाजूला ठेवलं. डॉक्टरच्या शब्दाला इथं काय किंमत आहे, हे तिला कळून चुकलं होतं.

"घरात सोयर आहे," ती म्हणाली.

केवळरामचा पाय हवेतच थांबला.

"अगो माय! कोन बाळंत झालं?" सुमनबाईचे डोळे लकाकले.

यशोदाबाईच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. "जवाईबुवा."

काळीपिवळीचा ड्रायव्हरसुद्धा हसला. खिडकीआड टिकारामला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"हासा, हासा. डॉक्टरनंच सांगतलं, जवाईबुवाचा नवा जनम झाला. जनम झाला तं सोयर लागली का नाई? अन् बाळंतखोलीत बाहेरचा मानूस शिरला, मंग लेकराले काही झालं, तं नाव कोनाचं निघन? सांगा, कोन येते आत? त्याचं नाव ध्यानात ठेवीन."

आता एकही हसेना. डॉक्टरला न जुमानणारी माणसं नावाला भितात. सुमनबाईनं तर क्षणात पक्ष बदलला. हात पसरून स्वतःच दारात आडवी उभी राहिली. "सरका मांगं! सव्वा महिना कोनी आत जात नाई म्हंजे नाई!"

"पन मी त्याचा लहानपनचा दोस्त..." केवळरामनं शेवटचा प्रयत्न केला.

"दोस्त बाळंतखोलीत जाते का रे, बेशरमा?"

मग सगळे अंगणात दूर बसले. यशोदाबाईनं काचेआड जावयाला उभं करून दाखवलं, टक्कल, कानाला फडकं, अंगावर शाल.

"कोनावर गेलं जी?" एकीनं विचारलं.

"जावळ आल्यावर समजन," दुसरी म्हणाली. कुंताबाई पदर तोंडात कोंबून आत पळाली.

केळी आत घ्यायची सोय नव्हती. परत कशाला न्यायची? अकरा जणांनी तिथंच बसून घड संपवला. टिकारामची रीत टिकारामच्याच डोळ्यांदेखत पाळली गेली, आणि त्याच्या वाट्याला एक सालही आलं नाही.

त्या रात्री तो जेवला नाही. सासूशी बोलणं बंद. भिंतीकडे तोंड.

तिसऱ्या दिवशी कोंढ्याहून फोन आला. केवळरामला पवनीच्या दवाखान्यात भरती केलं, न्युमोनिया. काळीपिवळीतल्या बाकीच्यांपैकी सात जणांनीही खाट धरली होती, तापानं फणफणलेले. केवळरामला म्हणे आदल्या रात्रीपासूनच कणकण होती, पण भेट चुकवायची नाही म्हणून आला.

टिकारामनं तोंड भिंतीकडून दाराकडे वळवलं. मागच्या दाराची कडी त्यानं स्वतःच काढून ठेवली होती, ती अजून तशीच होती. तो उठला, भिंत धरत धरत गेला आणि कडी लावून आला. मग पहिल्यांदा तोंड उघडलं.

"मामी, दाराचा डहाळा सुकला ना. नवा बांधा."

यशोदाबाईनं नवा डहाळा बांधला. भातावर तूपही त्या दिवशी दुप्पट पडलं.

तपासणी झाली. नव्या कुंपणानं मूळ धरलं होतं. शेत खातं की राखतं, ते कळायला वेळ लागेल, पायही अजून ओढत होता, पण घरी जायला डॉक्टरांनी मोकळीक दिली. पुढे काही महिन्यांनी लहान लेकरांच्या लसी पुन्हा पहिल्यापासून घ्यायच्या, असंही सांगितलं. यशोदाबाईनं लेकीची व्हावी तशी ओटी भरून बोळवण केली. जावयाची ओटी कशी भरतात ते तिलाही माहीत नव्हतं, म्हणून नारळ त्याच्या हातात दिला आणि बाकीचं कुंताबाईच्या पदरात घातलं.

कोंढ्याला आल्यावर, अंगात थोडा जोर आला तसा टिकाराम काठी टेकत पहिल्यांदा निघाला तो केवळरामकडे. सोबत अर्धा डझन केळी. केवळराम बरा होऊन छपरीत उन्हाला बसला होता, गाल बसलेले. टिकारामनं मास्क सारखा केला, बादलीवर हातपाय धुतले आणि चार हात लांब बसला. मनगट धरलं नाही. कोण कोण गेलं तेही सांगितलं नाही.

"मी मराले टेकलो होतो बे," केवळराम म्हणाला. "न् तू पाह्यले आला नाईस."

"कसा येईन? बाळंतीण कधी उंबरा वलांडते का?"

केवळराम हसला, मग हसता हसता थांबला. खाली पाहत म्हणाला, "मावशीनं त्या दिवशी आत सोडलं असतं तं..."

"नाई सोडलं ना पन."

समोर अंगणात कोंबड्या सांडलेले दाणे टिपत होत्या. थोड्या वेळानं टिकारामचा हात आपोआप केळ्यांकडे गेला. मास्क हनुवटीखाली ओढून त्यानं एक सोललं, खाल्लं. दुसरं सोललं.

"काऊन बे, केळानं कफ होते ना?" केवळरामनं विचारलं.

"तो पेशंटले," टिकाराम तिसऱ्याला हात घालत म्हणाला. "मी तं आता लेकरू हाव."