जबडा जरा पुढे शे!

आमच्या धंद्यात एक गंमत आहे. समोरचा माणूस तोंड उघडून बसलेला असतो, पण त्याला बोलता येत नाही. मग आरसा, चिमटा बाजूला ठेवला, त्याची चूळ भरून झाली, की इतका वेळ साचलेलं सगळं एकदम बाहेर येतं. दातांची डॉक्टर म्हणून मी दात किती सरळ केले ते विसरले, पण चुळीनंतर ऐकलेलं काही विसरले नाही!

जळगावात मी दवाखाना टाकला तो ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. "वेडेवाकडे दात तारा लावून सरळ करते" असं सांगितलं की लोक "बरं" म्हणायचे आणि काढायची दाढ दाखवायचे.

हळूहळू तारांचे पेशंटही येऊ लागले. त्यात खालचा जबडा पुढे आलेले बरेच. एरवी तोंड मिटलं की वरचे पुढचे दात खालच्या दातांवर येतात. यांचं उलटं, म्हणून आम्ही त्याला उलटा चावा म्हणतो. खालचे दात बाहेर, वरचे आत, आणि हनुवटी सगळ्यांच्या पुढे. भाकरीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडता येत नाही. पण गावात याला कोणी दुखणं मानत नाही. "तोंडाची ठेवणच तशी" म्हणतात आणि विषय संपतो.

* * *

पारोळ्याकडचे एक नाना सात वर्षांच्या नातीला घेऊन आले. सोबत सूनबाई. नातीचा चावा उलटा होता. आणि नानांची हनुवटी तर त्यांच्याआधी खोलीत शिरली होती!

"लवकर आणलंत, बरं झालं," मी म्हणाले. "या वयात इलाज होतो."

नाना घुश्श्यात, आपल्या अहिराणीत. "इलाज कसाले? हाई त आम्हना घरनी निशानी शे. मना आजाले व्हती, मना बापले व्हती. म्हंजे आम्ही बठ्ठा खराब का?"

मी नातीचं माप घेतलं, एक्स-रे बघितला आणि 'बठ्ठ्यांना', म्हणजे सगळ्यांनाच, समजावून सांगितलं. दर वेळी खालचाच जबडा मोठा असतो असं नाही. कधी खालचा बरोबर असतो आणि वरचाच मागे राहतो. हिचं तसंच आहे. खालचा ठीक आहे, वरचा वाढलेला नाही.

नानांनी एकदा सुनेकडे बघितलं. तिचा चेहरा चपटा, वरचा ओठ आत. नानांचा चेहरा उजळला.

"म्हंजे हाई बठ्ठं तिनी मायकडलं निंघनं! मंग करा इलाज. आजच करा!"

* * *

त्या नातीला मी तारेची एक चौकट दिली. ती कपाळाला आणि हनुवटीला टेकते. मधल्या दांडीपासून तोंडातल्या तारेपर्यंत रबर अडकवायचे, म्हणजे वरचा जबडा हळूहळू पुढे ओढला जातो. घरी असताना आणि झोपताना लावायची, निदान बारा तास. मोठ्या माणसांना ती बघून कसंतरी व्हायचं. आया डोळे पुसायच्या.

भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या एका मुलीला अशीच चौकट दिली. नाव मनीषा, वय आठ. आई म्हणाली, "पोरं चिडवतील हो हिला."

पंधरा दिवसांनी मनीषा आली ती एकदम खुशीत. तिने कॉलनीत सांगितलं होतं, की हे विमान चालवणाऱ्यांना देतात आणि वर्गात फक्त तिलाच मिळालं आहे!

पुढच्या आठवड्यात त्याच कॉलनीतले एक गृहस्थ मुलाला घेऊन हजर. मी मुलाचे दात बघितले. मोत्यासारखे.

"याला काही झालेलं नाही," मी म्हणाले.

"ते मलाही माहीत आहे, डॉक्टर," गृहस्थ म्हणाले. "पण हा दोन दिवस जेवला नाही. काहीतरी लावा!"

* * *

माझ्याकडे शकुंतलाबाई मदतीला होत्या. कामाला वाघ, स्वच्छतेच्या बाबतीत तर कोणाचं ऐकायच्या नाहीत.

प्रत्येक पेशंटच्या दातांचे प्लॅस्टरचे साचे आम्ही फळीवर ठेवायचो. खालचा साचा, त्यावर वरचा, जसे तोंडात बसतात तसे. उलट्या चाव्याची फळी वेगळी होती.

एकदा मी चार दिवस गावाला जाऊन आले. फळी बघितली आणि बाईंना हाक मारली. सगळ्या साच्यांचे वरचे दात बाहेर, खालचे आत. एकूण एक पेशंट बरा!

"बाई, हे काय?"

"काय सांगू डॉक्टर, धूळ पुसायला गेले तर सगळ्यांचे जबडे पुढे घसरलेले. मी एकेक नीट बसवला. अर्धा तास लागला."

मी त्या जबड्यांच्या मागे दोन वर्षं होते!

* * *

गुरुवारी मी एसटीने धुळ्याला जायचे. तिथे एका ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बसायचे. एक पोस्टमन दात साफ करून घ्यायला आले. चाळिशीचे, जबडा भरभक्कम पुढे.

मी आपलं कर्तव्य म्हणून सांगितलं. "भाऊ, वाढ पूर्ण झाली की चौकटीचा उपयोग नसतो. आता ऑपरेशनच. हाड कापून मागे सरकवावं लागतं. हवं असेल तर मुंबईला चिठ्ठी देते."

ते घाईघाईने उठून बसले. "नको, नको! गावच्या नाटकात मी पंधरा वर्षं रावण करतोय."

"मग?"

"जबडा मागे गेला तर राम करायला लावतील. आणि रामाची भाषणं केवढाली असतात, बघितलीत का?"

* * *

सुमन चाळीसगावची. तेवीस वर्षांची, प्राथमिक शाळेत शिक्षिका. बोलताना तोंडापुढे हात धरायची.

"लग्न जमत नाही म्हणून आलीस का?" मी विचारलं. तेव्हा सगळ्या तशाच यायच्या.

"नाही. फळ्यावर 'स' लिहिते आणि तोंडातून दुसरंच येतं. पोरं तसंच म्हणायला शिकतात. आणि मला एकदा पेरू चावून खायचा आहे."

मी काही लपवलं नाही. आधी वर्षभर तारा. मग मुंबईत ऑपरेशन. खालचं हाड दोन्ही बाजूंनी कापून मागे घ्यायचं. ते जुळेपर्यंत सहा आठवडे वरचे-खालचे दात एकमेकांना तारेने बांधलेले, आणि खाणं म्हणजे नळीने दूध न् पेज. खालचा ओठ बधिर होऊ शकतो, कधीकधी कायमचा.

सोबत तिचे वडील आले होते, आबा, बाजारात धान्याचे व्यापारी. ते ऐकून ताडकन उठले आणि लेकीवर कडाडले.

"देवनं दिधेल तोंड शे. त्याले तू करवत लावशी?"

त्यानंतर ते दवाखान्यात कधी आले नाहीत. घरातही तिच्याशी बोलणं तुटलं. ऑपरेशनला मामा घेऊन गेले. आबांनी एकदाही फोन केला नाही.

तारा सोडल्यावर सुमन मला भेटायला आली, तेव्हा तिने परतीच्या दिवसाचं सांगितलं.

तीन आठवडे पेजेवर राहून ती निम्मी झाली होती. गालांवरची सूज अजून होती. दात बांधलेले म्हणून बोलायला पाटी-पेन्सिल जवळ. गाडी चाळीसगावला थांबली. मामा सामान काढत होते, ती आधी उतरली. समोर आबा! कोणी सांगितलं नसताना आलेले, आणि डब्याच्या खिडक्यांमधून वाकून वाकून बघत होते.

ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. दातांतल्या दातांत "आबा" म्हणाली, पण इंजिनाच्या आवाजात ते कुठे ऐकू येणार?

आबा दोन पावलं बाजूला सरकले. तिला म्हणाले, "ताई, ह्या डब्बामा एक पोर व्हती का? मनी पोर शे. हनुवटी आशी पुढे शे तिनी."

आणि त्यांनी हात पुढे धरून दाखवला.

सुमनने पाटी काढली. 'आबा, मीच' असं लिहून त्यांच्यापुढे धरलं.

आबांनी पाटी हातात घेतली. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, पुन्हा पाटीकडे. एकेक अक्षर वाचलं. मग म्हणाले,

"अक्षर त तुनंच शे."