होडीमागे एक हात

काशीबाईला गप्प बसवायचं औषध आमच्या कोळीवाड्यात अजून कुणाला सापडलेलं नाही. सुके बोंबील विकताना ती गिऱ्हाइकालाच विचारते, तुझा साहेब कोण, आणि त्याला साहेब कुणी केलं? मी नववीला नागरिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे माझी तर रोजच तोंडी परीक्षा असते.

दातिवऱ्याच्या अलीकडे आमचं गाव. किनाऱ्यावरच्या मोकळ्या जागेत बांबूच्या वलांड्या उभारून काशीबाई बोंबील वाळत घालते. नवरा गेल्यावर होडी विकली, तेव्हापासून तिचं पोट त्या जागेवरच चालतं. गेल्या हिवाळ्यात ग्रामसभेत ठराव आला की तिथे पर्यटकांच्या गाड्या लावायची सोय करावी. म्हणजे हिच्या पोटावरच पाय.

आमच्याकडे एक जुनी रीत आहे. होड्यांचं काही ठरवायचं असलं की होडीमागे एक हात वर होतो, तो होडी हाकणाऱ्या तांडेलाचा. त्या सवयीने ग्रामसभेतही तांडेलांनीच हात वर केले. बाकीचे मुकाट बसले. सरपंच बळवंतने हात मोजले आणि ठराव मंजूर म्हणून मोकळा झाला.

काशीबाई उठली. "बळवंता, माजा हात कुटल्या होडीत मोजलास?"

"काकी, तुमची होडी कुटं हाय आता?"

"मंग निवडणुकीला माज्या बोटाला शाई लावली, तवा नाय इचारलीत होडी!"

सभेत हशा पिकला. बळवंत ओशाळला, पण माणूस सरळ. मतदारयादीत नाव असलेल्या प्रत्येकाचा हात पुन्हा मोजायचं ठरलं.

मागे भिंतीला टेकून ठकी बसली होती. डोंगरातून मजुरीला आली आणि इथलीच झाली. ती काही हात वर करीना. काशीबाईनेच तिला दटावलं, "ठके, तुजं पन नाव हाय यादीत. कोनाच्या तरी बाजूनं कर हात."

ठकीने केला, तो ठरावाच्या बाजूने. काशीबाई थोडक्यात हरली.

मला ठकीचा असा राग आला! काशीबाईला मात्र रागाच्या आधी प्रश्न पडला. "का गं?"

"गाड्या आल्या तं माजे ताडगोळे खपतील. मजुरीसाठी गाव सोडाया नको."

"आदी का नाय बोललीस?"

"आदी कुनी इचारलंच नाय."

काशीबाईने मान डोलावली. मग बळवंतकडे वळली. "हरले ते मान्य हाय. पन आता मी बोंबील कुटं सुकवू?"

"काकी, बहुमत झालंय."

"बहुमत झालं म्हंजे मी गावातली नाय उरले काय?"

मी पुस्तकातलं उत्तर मनातल्या मनात जुळवू लागलो. तेवढ्यात ठकीचा हात पुन्हा वर गेला. या वेळी तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"अर्ध्या जागंत गाड्या लावा," ती म्हणाली. "अर्धी काशीबायला ऱ्हाऊ द्या. माजं बी भागंल, तिचं बी."

बळवंतने विचारलं, हे कुणाकुणाला मान्य आहे. आधी बायकांचे हात वर गेले, मग एकेका तांडेलाचे.

हरली तेव्हा काशीबाईच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. आता मात्र ती सगळ्यांसमोर ढसाढसा रडली.