पहिलं केंद्र

अम्बरीन महाडची. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत संगणकाचं काम करायची; तिच्या अम्मीचं, हफिजाचं, डायलिसिस सुरू झालं तशी घरूनच करू लागली. पोलादपूरच्या डोंगरात किती पाऊस झाला की दरड कोसळायचा धोका वाढतो, ते गणित तिच्याकडे होतं. पावसाचे आकडे घालायचे, मग एकेक पायरी आपोआप चालत जायची आणि शेवटी धोक्याची पातळी, म्हणजे किती पावसापुढे दरड सुटू शकते तो आकडा, मिळायची. कुणीही, कुठल्याही मशीनवर चालवलं तरी उत्तर तेच यायला हवं.

ते येईना. सर्व्हरवर संस्थेच्या छापील अहवालातलीच पातळी मिळायची. तिचा जुना सहकारी दीपक याच्या लॅपटॉपवर मात्र ती बरीच खाली यायची, म्हणजे कमी पावसातच धोका.

दीपक पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला. पहिली पायरी त्यानेच लिहिलेली. निधी आटला तेव्हा संस्थेने आधी त्याला कमी केलं. आता तो महाडच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टवर जायचा.

कितीतरी आठवडे उकरल्यावर अम्बरीनला दोष सापडला. संगणक आपल्या आज्ञा ज्याच्यामार्फत समजून घेतो, तो शेल दीपकच्या पायरीला एक लागायचा आणि मातीच्या ओलाव्याच्या पायरीला दुसरा. सर्व्हरवर दोन्ही एकत्र बसवल्यावर मातीचा शेल दीपकच्या आज्ञाही स्वतःच वाचू लागला होता. दीपकचा शेल पाऊस मोजणाऱ्या केंद्रांची यादी एकपासून मोजायचा, हा शून्यापासून. त्यामुळे यादीतलं पहिलं केंद्र गळायचं, आणि चूक झाल्याचं एक अक्षरही कुठे उमटायचं नाही.

पहिलं केंद्र दीपकच्या वाडीचं होतं. तिथे त्याचे वडील रावजी रोज सकाळी पर्जन्यमापकातलं पाणी मोजून फोनवर आकडा सांगायचे.

तिने प्रत्येक पायरी वेगळ्या बंदिस्त कप्प्यात टाकली आणि कुठला शेल, कुठली आवृत्ती, ते त्या कप्प्यातच ठरवून दिलं. आता दोन्ही मशीनवर उत्तर एकच आलं. खालचं. अहवालाने जो पाऊस बिनधोक ठरवला होता, त्यातही वाडीवरची दरड सुटू शकत होती.

दुपारची शिफ्ट सुटताना ती कारखान्याच्या गेटवर दीपकला भेटली.

"माझ्या लॅपटॉपवर बरोबर येत होतं," तो म्हणाला. "सर्व्हरवर चढवलंस तू."

चढवलं तिनेच होतं.

"बाबांना सांगू नकोस. इतकी वर्षं मोजलं ते फुकट गेलं असं वाटेल त्यांना."

"सांगायला हवं. ते तिथेच राहतात, दीपक."

"मग सांग!" त्याने हेल्मेट घातलं आणि मोटरसायकल काढून निघून गेला.

संस्थेला तिने सगळं लिहून पाठवलं. प्रकल्प संपला आहे, दुरुस्ती पुढच्या बैठकीत मांडू, असं उत्तर आलं. मग ती स्वतःच वाडीवर गेली.

रावजी पडवीत बसून ऐकत होते.

"म्हंजे मी मोजला तो पाऊस गेला कुठं?"

"हिशेबात आलाच नाही, काका. चूक माझी झाली."

"आनि आता आमी हितं राहायचं का नाय?"

"जोराचा पाऊस लागला की खाली शाळेत जा."

"गुरं हायत गो. ती कुठं नेऊ?"

त्यांनी चहा विचारला.

दुरुस्ती छापली गेली, पण पावसाळा सरल्यावर, पुढच्या अहवालाच्या शेवटी बारीक अक्षरांत. तिने सुधारलेलं सगळं इंटरनेटवर खुलं ठेवलं. कुणी चालवून पाहिल्याचं तिच्या कानावर आलं नाही. रावजींनी मोजणं थांबवलं. पुढच्या पावसाळ्यात दीपकने त्यांना महाडच्या खोलीवर आणलं; ते आठवडाभरही टिकले नाहीत, गुरांसाठी परत वर गेले. दीपक तिच्याशी पुन्हा बोलला नाही.

वाडी अजून आहे. पाऊस धरला की अम्बरीन रावजींना फोन लावते. बहुतेक वेळा रेंजच नसते.