आईला मातीच दिली

“तुम्ही राहू द्या. तुमचं वेगळं असतं.”

तिरडी माझ्या खांद्यावर होती तेव्हा मराठी मंडळाचे अध्यक्ष हे बोलले. आवाज चढवला नाही. कुजबुजलेही नाहीत. माझ्या दंडाला दोन बोटं लावली आणि मागून येणाऱ्या एका तरुण बँक अधिकाऱ्याला पुढे बोलावलं. तो माझ्या जागी आला. मी बाजूला झालो. तिरडी थांबली नाही.

लखनौतली गोष्ट. गेले ते आमच्या शेजारचे आप्पा. इथल्या मराठी माणसाला भाऊबंद नसतात. कोणी बदलीवर आलेला, कोणी नोकरीसाठी. म्हणून घरात कुणी गेलं की मंडळच भाऊबंद होतं. कोणी गुरुजी गाठतो, कोणी लाकडांचं बघतो, कोणी जेवणाचे डबे पाठवतो. चारबाग स्टेशनवर पाहुण्यांना उतरवून घ्यायचं काम माझ्याकडे असायचं. त्या दिवशीही आप्पांच्या मुलीला मीच ऑटोने घरी आणलं होतं. तिच्या बॅगेला माझा हात चालला.

मी ख्रिस्ती आहे. नेवाशाकडचा. पणजोबा महारवाड्यातले, आजोबा मिशनच्या शाळेतले. मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं. मी कधी लपवलं नव्हतं.

कडेला उभा राहून मला राग आला नाही. राग नंतर आला. तेव्हा आला तो हेवा. एका मेलेल्या माणसाचा हेवा. केवढी माणसं होती त्यांच्यामागे. कुठे थांबायचं, कधी हात जोडायचे, सगळ्यांना माहीत होतं. आप्पा हयातीत देवाला मानत होते की नव्हते, हे कुणी विचारलं नाही. त्यांना ते कधीच विचारलं गेलं नव्हतं. जन्मले तसे गेले, कुणाला काही पटवून न देता.

घरी माझी आई आजारी होती. यकृताचा कर्करोग. आता घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आप्पांची चिता पेटताना मी मनात आईच्या मागे चालणारी माणसं जमवत होतो. फार जमली नाहीत.

मला आईचाही हेवा वाटायचा. मी चर्चला जायचो तो नाताळला आणि ईस्टरला. प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटायचो, आणि मिटल्यावर पुढे काही नसायचं. ती मात्र येशूशी पलीकडच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तशी बोलायची. “पोटातलं पाणी तेवढं उतरव रे बाबा, म्हंजी जरा कूस वळता येईल.” रुसायचीसुद्धा त्याच्यावर. घाटावरच्या गर्दीत मी नव्हतो. आईच्या त्या खोलीतही नव्हतो.

आप्पांचं तेराव्याचं जेवण झालं आणि अध्यक्ष आमच्याकडे आले. माझी मुलगी आत येऊन म्हणाली, “पापा, अंकल आए हैं।” रेल्वेतले निवृत्त इंजिनिअर, मोठा माणूस. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणतो. बायकोने चहा आणला. शुगर आहे म्हणून त्यांनी कप बाजूला सारला. आप्पांच्या घरी त्यांनी साखरेचा चहा दोनदा मागून घेतला होता. मी तिथेच होतो.

आईची चौकशी केली. मग मुद्द्यावर आले. सध्याचे दिवस तुम्ही पाहताय, म्हणाले. घरात चार लोक जमून प्रार्थना म्हणायला लागले की कोणीतरी पोलिसांना फोन करतं, धर्मांतर चाललंय म्हणून. मुलगी लग्नाची होईल उद्या. तेव्हा वेळ आली की आईंना आपल्या पद्धतीने अग्नी द्या. मंडळ सगळं बघेल. गुरुजी, गाडी, माणसं. आप्पांना होती तेवढी माणसं उभी करतो, हा शब्द त्यांचा.

“नाहीतरी मूळचे तुम्ही आपलेच. आजोबा बाटले ते काय, पायलीभर गव्हासाठीच ना?”

ते हसले. मीही हसलो.

सांगतो, म्हणालो. नाही म्हणालो नाही. कारण मला ती माणसं हवी होती. आईच्या मागे तशीच गर्दी, तसाच रस्ता अडलेला, तसाच कोणीतरी पुढे होऊन सगळं हातात घेणारा. ते मला इतकं हवं होतं की तिला जाळायची कल्पना मी मनात करून पाहिली. जमली. अवघड गेली नाही.

बायकोला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, आईंना विचारा.

मी विचारलं नाही. आईनेच विचारलं, वेगळंच काहीतरी.

दुपार होती. वीज गेलेली. खाली सब्जीवाला ओरडत होता. मी तिला पुठ्ठ्याने वारा घालत होतो. बराच वेळ ती छताकडे बघत होती. मग म्हणाली, “मला भ्या वाटतंय.”

मरणाचं का, म्हणून मी विचारलं. तिने मान हलवली. मरणाचं नव्हतं.

“तिथंबी आपल्याला वेगळं बसवत्यात का रं?”

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. लहानपणी विहिरीवर ती लांब उभी राहायची, कोणी वरून पाणी ओतेपर्यंत. ख्रिस्ती झाल्यावरही विहीर तीच राहिली. लखनौला आल्यावर मंडळातल्या बायकांच्या भजनाला गेली. आवाज चांगला म्हणून पुढे बसवली. आडनाव आणि गाव विचारून झाल्यावर पुढच्या वेळी दाराजवळ बसवली. परत गेली नाही. तिने मला हे कधी सांगितलं नव्हतं, बायकोकडून कळलं होतं. एवढ्या वर्षांच्या प्रार्थनेच्या तळाशी हा प्रश्न बसून होता, आणि मी तिच्या खात्रीचा हेवा करत होतो.

ती माझ्याकडे बघत होती. चर्चच्या पाळकसाहेबांना फोन करायला हवा होता. त्यांना हिंदीच येतं, आणि हा प्रश्न हिंदीत कसा सांगायचा मला सुचेना. मलाच बोलावं लागलं.

“येशूला कुठं मारलं आई?”

“टेकडीवर.”

“गावात होती का टेकडी?”

“नाय. वेशीच्या भाईर.”

“वेशीबाहेर नेऊन मारलं त्याला. गावात जागा दिली नाही. तो आपल्याला वेगळं कसा बसवील?”

आईने डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. थोड्या वेळाने म्हणाली, “व्हय. त्यो आपल्यातलाच हाय.”

हे उत्तर माझ्यापाशी होतं हे मला माहीत नव्हतं. लहानपणी रविवारच्या शाळेत पाठ केलेलं असेल. पण मी ते तिची समजूत घालायला बोललो नव्हतो. बोलता बोलता मला ते खरं वाटलं. देव आहे की नाही, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. असला तर तो कुठल्या बाजूला उभा आहे, ते कळलं.

संध्याकाळी अध्यक्षांच्या घरी गेलो. काकूंनी दार उघडलं. मी बसलो नाही.

“आईला मातीच देणार.”

“इच्छा आहे का त्यांची? आजारी माणसाचं एवढं मनावर घेऊ नये.”

“काका, आजोबा बाटले म्हणालात. बाटायला आधी शुद्ध असावं लागतं. तुमच्या लेखी आम्ही शुद्ध कधी होतो?”

“मी गमतीत म्हणालो हो.”

“गहू खाल्ला त्यांनी. दुष्काळ होता. मिशनने दिला, त्यांनी खाल्ला. गावाच्या कणगीत गहू होता, गावाने का दिला नाही ते सांगा.”

काकू आत निघून गेल्या. काका चष्मा पुसत राहिले. मग हळू म्हणाले, “मग माणसं येणार नाहीत. विचार करा.”

“केला.”

आई चार दिवसांनी गेली, सकाळी. पाळकसाहेब आले. चर्चमधली काही हिंदी कुटुंबं आली. एक मल्याळी नर्स आली, तिने आईला आंघोळ घातली आणि केस विंचरले. मंडळातून कोणी आलं नाही. कब्रस्तानात गाणी हिंदीत झाली. शेवटी मी आणि बायको मराठीत गायलो. दोघंच. माझा आवाज फाटला, तिने ओळ पुरी केली. मुलीला शब्द येत नव्हते, ती नुसती उभी होती. पेटी खाली उतरवताना मी आजूबाजूला पाहिलं. माणसं थोडी होती. तिथेही मला हेवा वाटला. आप्पांचा, त्यांच्या मुलीचा, त्या सगळ्यांचा, ज्यांना मरताना काही सिद्ध करावं लागत नाही. पहिली मूठ टाकली तेव्हाही तो होता.

तो जाणार नाही. मी त्याला घालवायचा प्रयत्नही करत नाही. त्याच्या बदल्यात मात्र काही देणार नाही. आईची माती नाही, आजोबांची भूक नाही. यापुढे माझ्यासमोर कोणी गव्हाचं नाव काढलं तर मी हसणार नाही. तिथेच, चारचौघांत उत्तर देईन, मग तो कितीही मोठा माणूस असो.

मुलीला मी माझंही सांगून ठेवलं आहे, तिला नीट समजावं म्हणून हिंदीत. मला मातीत ठेवायचं. कोणी आलं नाही तर मजूर लावायचे. आणि पोलीस दारात आले तरी प्रार्थना मोठ्याने म्हणायची.